ल्युब्रिकेशन आणि ट्रायबॉलॉजीचं ट्रेनिंग: सारखे विचारले जाणारे प्रश्न

भोसरी, चाकण, वाळूज, अंबड, बुटीबोरी आणि गाळप संपलं की साखर कारखाने, अशा ठिकाणी मी मेंटेनन्सच्या लोकांना ल्युब्रिकेशन शिकवतो. बॅच संपली तरी नंबर सगळ्यांकडे राहतो, मग कधी नाईट शिफ्टमधून फोटो येतो, कधी नुसतं "सर हे ग्रीस चालेल का" एवढाच मेसेज. त्यातले जे प्रश्न परत परत येतात ते इथे एकत्र केलेत. आधी साधे, मग कोर्स आणि परीक्षेचे, मग मशीनवरचे, आणि शेवटी जिथे नियम मोडतो ते. एकाचं उत्तर दुसऱ्यात आलं असेल तर तिथे नंबर दिलाय.

१. ट्रायबॉलॉजी म्हणजे नक्की काय? वंगणालाच दिलेलं मोठं नाव आहे का?

नाही. दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासतात तिथे जे काही होतं, घर्षण, झीज आणि वंगण, त्या तिन्हीचा एकत्र अभ्यास म्हणजे ट्रायबॉलॉजी. ग्रीकमध्ये ट्रायबॉस म्हणजे घासणं. हा शब्द १९६६ साली ब्रिटनमध्ये पीटर जोस्ट यांच्या कमिटीच्या सरकारी रिपोर्टमधून पुढे आला. त्या रिपोर्टने हिशोब मांडला की या विषयाकडे नीट लक्ष दिलं तर ब्रिटिश उद्योगाचे वर्षाला ५१ कोटी ५० लाख पौंड वाचतील. त्यातले २३ कोटी मेंटेनन्स आणि पार्ट बदलण्यातले, साडेअकरा कोटी ब्रेकडाऊनमधले, आणि खुद्द तेलाच्या खर्चातले फक्त १ कोटी. मी प्रत्येक बॅचला हा आकडा पहिल्या तासाला सांगतो, कारण आपल्याकडे अजून तेलाच्या बिलावरच काटकसर चालते आणि बेअरिंगचं बिल वेगळ्या हेडखाली जातं म्हणून कोणी दोन्ही शेजारी ठेवून बघतच नाही.

२. तेल घालायला ट्रेनिंग कशाला लागतं? आमच्याकडे वीस वर्षं हेल्परच घालतोय.

बैलगाडीच्या आसाला वंगण लावायला ट्रेनिंग लागत नव्हतं हे खरं, पण तिथे वेग बैलाचा होता. फिरत्या बेअरिंगमध्ये गोळी आणि ट्रॅकच्या मध्ये जी तेलाची फिल्म असते ती बहुतेक वेळा एक मायक्रॉनच्याही आत असते, आणि माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा. त्या फटीत काय जाऊ द्यायचं, किती जाऊ द्यायचं, कुठल्या जाडीचं, हे सगळं तुमचा हेल्पर रोज ठरवतोय, त्याला कोणी सांगितलं नसलं तरी. म्हणजे निर्णय तो घेतोच आहे, फक्त माहितीशिवाय. वीस वर्षांत त्याच्या हाताला जे कळलंय ते मोलाचं आहे, आवाजावरून बेअरिंग ओळखणारी माणसं मी पाहिलीत, त्याला कारणं कळली की तोच माणूस प्लँटमधला सगळ्यात उपयोगाचा होतो.

३. मग ट्रेनिंगला कोणाला पाठवायचं, इंजिनिअरला की ग्रीसगन धरणाऱ्याला?

दोघांना, पण एकच सीट असेल तर ग्रीसगन धरणाऱ्याला. माझं हे मत ठाम आहे. इंजिनिअर शिकून येतो, छान चार्ट करतो, चार्ट पॅनलवर चिकटतो आणि खाली गन तशीच चालते. बहुतेक कंपन्या उलटं करतात कारण नॉमिनेशन साहेबांकडे येतं आणि कोर्स इंग्रजीत असतो. एका ठिकाणी मी मागच्या बाकावर बसलेल्या ऑइलमनला विचारलं की या गनचा एक स्ट्रोक किती ग्रॅमचा, तो म्हणाला "सर मला कोणी विचारलंच नाही कधी", आणि दुसऱ्या दिवशी स्वतः वजनकाटा घेऊन आला. तीन गन होत्या, तिन्हींचं वजन वेगळं निघालं. त्या प्लँटमध्ये बदल सुरू झाला तो त्या दिवसापासून.

४. मी आयटीआय फिटर आहे, इंग्रजी जेमतेम. झेपेल का?

विषय झेपेल, शंभर टक्के. फिटर किंवा मशीन टूल मेंटेनन्सवाल्याने बेअरिंग हातात धरलेलं असतं, त्याला फक्त नावं शिकायची असतात. अडचण परीक्षेच्या पेपरची आहे, आपल्याकडे बहुतेक मंडळी तो इंग्रजीत देतात आणि प्रश्न छोटे असले तरी "यापैकी कोणतं बरोबर नाही" अशी वाक्यं फसवतात. माझा सल्ला, दोनेकशे शब्दांची वही करा. व्हिस्कॉसिटी, अॅडिटिव्ह, ऑक्सिडेशन, कंटॅमिनेशन, बाउंडरी, वेअर, समोर मराठीत तुमच्या भाषेत अर्थ, आणि शेजारी तुमच्या प्लँटमधलं एक उदाहरण. कंटॅमिनेशनसमोर "तीन नंबर हायड्रॉलिकच्या टाकीचं उघडं झाकण" असं लिहिलं की शब्द परत विसरत नाही.

५. एमएलटी, एमएलए, सीएलएस... एवढी नावं ऐकतो. मी कोणतं करू?

मशीनला तेल-ग्रीस देणं, साठवणं, फिल्टर करणं हे तुमचं काम असेल तर एमएलटी (मशिनरी ल्युब्रिकेशन टेक्निशियन). ऑइलचे सॅम्पल काढणं, रिपोर्ट वाचणं, त्यावरून मशीनची तब्येत सांगणं हे काम असेल तर एमएलए (मशीन ल्युब्रिकंट अॅनालिस्ट). लॅबमध्ये बसून टेस्ट करत असाल तर एलएलए. ही तिन्ही आयसीएमएलची, म्हणजे इंटरनॅशनल कौन्सिल फॉर मशिनरी ल्युब्रिकेशन या अमेरिकन संस्थेची. त्यांचंच इंजिनिअर लोकांसाठी एमएलई आहे, ज्यात अख्ख्या प्लँटचा ल्युब्रिकेशन प्रोग्रॅम कसा उभा करायचा हे येतं. सीएलएस (सर्टिफाइड ल्युब्रिकेशन स्पेशालिस्ट) दुसऱ्या संस्थेचं, एसटीएलई म्हणजे सोसायटी ऑफ ट्रायबॉलॉजिस्ट्स अँड ल्युब्रिकेशन इंजिनिअर्सचं, जी १९४४ पासून आहे. ते जास्त रुंद आहे, ऑइल कंपनीचे टेक्निकल सर्व्हिसवाले आणि अनुभवी इंजिनिअर ते करतात, तीन वर्षांचा अनुभव लागतो. धातू कापायच्या कूलंटवर काम करणाऱ्यांसाठी त्यांचं सीएमएफएस आहे, चाकणच्या मशीन शॉपवाल्यांनी ते जरूर बघावं.

सुरुवात करणाऱ्याने शक्यतो एमएलटी वन, म्हणजे पहिली पातळी. काही जण व्हायब्रेशनचं सर्टिफिकेट आधीच केलेले असतात, त्यांना एमएलए वन जवळचं वाटतं, ते पण ठीक.

६. एमएलटी वनची परीक्षा कशी असते आणि काय अट असते?

शंभर ऑब्जेक्टिव्ह प्रश्न, तीन तास, पुस्तक बंद, पासिंगला ७० टक्के. अटीत साधारण दोन वर्षांचं संबंधित शिक्षण किंवा कामाचा अनुभव आणि किमान १६ तासांचं ट्रेनिंग, त्याचा कागद लागतो. एमएलटी टू थेट देता येत नाही, आधी वन हवं. फी आणि तारखा बदलत राहतात म्हणून त्या संस्थेच्या साईटवरच बघा, मी इथे लिहिलं की सहा महिन्यांत जुनं होतं. अभ्यास करताना एक लक्षात ठेवा, पेपर तुमच्या कंपनीची पद्धत विचारत नाही, बरोबर पद्धत विचारतो, आणि अनुभवी माणसं नेमकी तिथेच मार्क घालवतात.

७. ऑइल कंपनीवाले फुकट ट्रेनिंग देतात, ते पुरेसं नाही का?

घ्याच. सर्वो, एचपी, मॅक, सगळ्यांची टेक्निकल सर्व्हिसची माणसं येतात आणि त्यातली काही फार जाणकार असतात. पण त्यांना त्यांच्या ग्रेडबद्दल बोलायचं असतं, आणि "ऑइल बदला" हे उत्तर त्यांना जवळचं असतं, तुमचा प्रश्न मात्र बरेचदा ब्रीदरचा (टाकीत हवा आत-बाहेर जायची जागा) किंवा नरसाळ्याचा असतो. शिवाय अशा सेशनचा कागद १६ तासांत धरला जाईल का हे आधी विचारून घ्या.

फुकटातलं दुसरं चांगलं म्हणजे एनपीटीईएलवरचे (आयआयटींचे ऑनलाइन क्लास) ट्रायबॉलॉजीचे कोर्स, इंजिनिअरिंगच्या पोरांनी बघावेत, गणित आहे त्यात. पूर्ण वेळ शिकायचं असेल तर आयआयटी दिल्लीत या विषयाचं जुनं सेंटर आहे. ट्रायबॉलॉजी सोसायटी ऑफ इंडिया आणि ग्रीससाठी एनएलजीआय या ग्रीसवाल्यांच्या संस्थेचा इंडिया चॅप्टर यांचे कार्यक्रम होतात, तिथे माणसं भेटतात. साखरेतल्या लोकांनी मांजरीच्या व्हीएसआयचे (वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट) इंजिनिअरिंगचे कोर्सही बघावेत.

८. सर्टिफिकेट केलं की पगार वाढतो का?

आपोआप नाही. सिमेंट, स्टील, पॉवर, रिफायनरी, आणि गल्फमधल्या मेंटेनन्स काँट्रॅक्टमध्ये याला किंमत मिळते, छोट्या वर्कशॉपमध्ये मालकाला नावही माहीत नसतं. वाढतो तो दाखवलेल्या कामाने. कोर्सहून आल्यावर एक मशीन निवडा, आधीच्या दोन वर्षांचे ब्रेकडाऊन काढा, सहा महिने नीट ल्युब्रिकेशन करा आणि दोन्ही आकडे एका पानावर घेऊन जा. तो कागद सर्टिफिकेटपेक्षा जास्त बोलतो. आणि हो, आयसीएमएलचं सर्टिफिकेट तीन वर्षं चालतं, मग पॉइंट दाखवून रिन्यू करायचं, मुदत गेलेलं बायोडाटावर लिहू नका, तपासतात लोक.

९. व्हीजी जास्त म्हणजे ऑइल भारी, बरोबर ना?

चूक. व्हीजी म्हणजे व्हिस्कॉसिटी ग्रेड, ४० डिग्रीला ऑइलची जाडी, सेंटिस्टोक या मापात. २२० म्हणजे २२०, दहा टक्के खालीवर, म्हणजे १९८ ते २४२. त्यातून दर्जा कळत नाही. जाड ऑइल हळू आणि जड लोडच्या मशीनला, पातळ ऑइल जोरात फिरणाऱ्याला. स्टीम टर्बाइनला ३२ किंवा ४६ आणि कोळशाच्या मिलच्या गिअरबॉक्सला ३२०, यामागे हेच. जोरात फिरणाऱ्या गिअरला "आवाज कमी होतो" म्हणून जाड ऑइल घातलं की ते घुसळून तापतं. आणि तापमानाचा ढोबळ नियम असा की ऑइल दर १० डिग्रीने जास्त तापलं की त्याचं आयुष्य निम्मं. आवाज गेला पण ऑइल गेलं.

१०. ग्रीस किती घालायचं? आम्ही बाहेर येईपर्यंत घालतो.

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

साधा फॉर्म्युला आहे, बेअरिंगचा बाहेरचा व्यास गुणिले रुंदी, दोन्ही मिलिमीटरमध्ये, गुणिले ०.००५, उत्तर ग्रॅममध्ये. मोटरचं ६३१२ नंबरचं बेअरिंग घ्या. बाहेरून १३०, रुंदी ३१. १३० गुणिले ३१ म्हणजे ४०३०, गुणिले ०.००५ म्हणजे २० ग्रॅम. आता गन घ्या, कागदावर दहा स्ट्रोक मारा, किचनच्या काट्यावर वजन करा. समजा १२ ग्रॅम आलं, म्हणजे स्ट्रोकला १.२ ग्रॅम, म्हणजे २० ग्रॅमला सतरा स्ट्रोक. तो आकडा गनवर पेंटने लिहून ठेवा आणि दुसरी गन घेतली तर परत वजन करा, गनागनांत फरक असतो (प्रश्न ३ मधला ऑइलमन आठवा).

निपल, म्हणजे गन लावायचं तोंड, आधी पुसा. ऐकायला छोटं वाटतं पण निपलवरची धूळ ही गन थेट बेअरिंगमध्ये ढकलते, बाहेर बसलेली ती बरी होती. मोटरचा ड्रेन प्लग उघडा, चालू मोटरमध्ये हळूहळू ग्रीस द्या, अर्धा तास चालू दे, जास्तीचं बाहेर येईल, मग प्लग लावा. प्लग न उघडता बाहेर येईपर्यंत मारत राहिलात तर ग्रीसला वाट एकच, आत, वाइंडिंगकडे. मी रिवाइंडिंगला आलेली मोटर उघडताना पाहिलीये ज्यात मूठभर ग्रीस वाइंडिंगवर बसलेलं होतं आणि बेअरिंग मात्र निळं पडलं होतं, कारण ठासून भरलेलं ग्रीस घुसळून तापतं, पातळ होतं आणि निघून जातं.

किती दिवसांनी, हे वेग, तापमान, धूळ यावर. बेअरिंग ७० डिग्रीच्या वर चालत असेल तर पुढच्या दर १५ डिग्रीला इंटरव्हल निम्मा करा, शाफ्ट उभा असेल तरी निम्मा.

११. मग "बाहेर येईपर्यंत" कधीच नाही का?

आहे, अपवाद आहे. क्रशर, कन्व्हेयर, खाणीतलं काम, जिथे धूळ खूप आणि वेग कमी आणि सील ग्रीस बाहेर सोडणारं, तिथे ताजं ग्रीस सीलच्या कडेला दिसेपर्यंत द्यायचं, कारण तिथे ते ग्रीस स्वतःच सीलचं काम करतं. आणि उलटा अपवाद, दोन्ही बाजूंनी शील्ड किंवा रबर सील असलेलं बेअरिंग, ज्यावर झेडझेड किंवा टूआरएस लिहिलेलं असतं, त्यात ग्रीस कंपनीने भरलेलं असतं, बाहेरून द्यायचंच नाही. जुन्या मोटरला निपल असतो, आत मात्र कोणीतरी सील्ड बेअरिंग बसवलेलं असतं. बेअरिंग बदललं की निपल काढून तिथे प्लग लावा, नाहीतर पुढची शिफ्ट देत राहणार.

१२. दोन्ही ग्रीस लालच आहेत. मिक्स केलं तर चालेल ना?

रंग हा फक्त रंग आहे, त्यावरून काहीही ठरत नाही. बघायचं ते थिकनर, म्हणजे तेलाला धरून त्याचं ग्रीस करणारा पदार्थ. लिथियम आणि लिथियम कॉम्प्लेक्स सहसा जमतं. पॉलीयुरिया, जे बऱ्याच मोटरमध्ये कारखान्यातूनच भरलेलं येतं, ते लिथियमबरोबर मिसळलं की बरेचदा मऊ होऊन वाहून जातं, कधी उलट घट्टही होतं. बेंटोन म्हणजे मातीवालं ग्रीस कोणाशीच पटवून घेत नाही असं धरून चला. बदलायचंच असेल तर बेअरिंग उघडून साफ करून भरा, ते शक्य नसेल तर कमी अंतराने थोडं थोडं देत जुनं बाहेर काढा आणि तापमानावर लक्ष ठेवा. ऑइलमध्येही हेच, पीएजी हे सिंथेटिक ऑइल साध्या मिनरल ऑइलमध्ये टाकायचं नाही. प्रत्येक ग्रीसला वेगळी गन आणि गनला वेगळ्या रंगाची पट्टी, यापेक्षा सोपा उपाय मला माहीत नाही.

१३. नवीन बॅरलमधलं ऑइल पण फिल्टर करायचं? ते तर सीलबंद असतं.

करायचं. सीलबंद म्हणजे नवीन, स्वच्छ असं नाही. स्वच्छता मोजायचा कोड आयएसओ ४४०६, तीन आकडे असतात, ४, ६ आणि १४ मायक्रॉनपेक्षा मोठे कण एका मिलिलिटरमध्ये किती ते सांगणारे. एक आकडा वाढला की कण दुप्पट, हे डोक्यात ठेवा. पहिला आकडा १८ म्हणजे १३०० ते २५०० कण, १९ म्हणजे २५०० ते ५०००. सर्व्हो व्हॉल्व्हवाल्या (अगदी बारीक फटींच्या) हायड्रॉलिकला जे लागतं त्यापेक्षा नवीन बॅरल बरेचदा कितीतरी घाण निघतं.

त्यात आपला पावसाळा. बॅरल उघड्यावर उभं ठेवलं की झाकणावर पाणी साचतं, दिवसा बॅरल तापतं, रात्री गार होतं, आत हवा ओढली जाते आणि बुचाच्या आट्यांतून ते पाणीही. कोकणात तर जून ते सप्टेंबर हे रोज चालतं. छताखाली ठेवा, नाईलाज असेल तर आडवं ठेवा, दोन्ही बुचं घड्याळातल्या तीन आणि नऊच्या रेषेत, म्हणजे बुचं तेलाखाली राहतात आणि बाहेरची हवा शिरत नाही.

१४. सॅम्पल कुठून काढायचं? आम्ही ड्रेन प्लगमधून काढतो.

तळातून आलं की तुम्ही गेल्या वर्षाचा गाळ लॅबला पाठवताय. मशीन चालू असताना, नेहमीच्या तापमानाला, फिल्टरच्या आधी, रिटर्न लाइनमधून किंवा टाकीच्या मधल्या उंचीवरून. व्हॉल्व्ह आणि नळीत अडकलेलं जुनं ऑइल आधी वेगळं काढून टाका, मग बाटली भरा. बाटलीवर मशीन, तारीख, ऑइलचे तास आणि मध्ये किती टॉपअप केलं हे लिहा. तास लिहिले नाहीत तर लोखंड ४० पीपीएम (दहा लाखांत ४० भाग) हे ५०० तासांचं की ५००० तासांचं, लॅबला कसं कळणार? आणि दरवेळी त्याच जागेवरून. एका रिपोर्टला फारसा अर्थ नसतो, चार रिपोर्ट शेजारी ठेवले की मशीन बोलायला लागतं.

१५. रिपोर्टमध्ये आधी काय बघायचं?

माझा क्रम असा. आधी व्हिस्कॉसिटी, नवीन ऑइलपेक्षा दहा टक्के इकडेतिकडे झाली की थांबून विचार, खाली गेली तर बरेचदा कोणीतरी चुकीचं ऑइल टॉपअप केलेलं असतं. मग पाणी. मग सिलिकॉन, ते बहुतेक वेळा धूळ, म्हणजे ब्रीदर किंवा सील बघा, पण नुकतंच सिलिकॉन सीलंट लावून कव्हर बसवलं असेल तर ते तिथूनही येतं. मग लोखंड आणि तांबं. सिलिकॉन आणि लोखंड बरोबर वाढले तर गोष्ट सरळ आहे, धूळ शिरली आणि झीज झाली. टीएएन म्हणजे आम्लता वाढणं हे ऑइल म्हातारं झाल्याचं लक्षण. डिझेल इंजिनमध्ये त्याबरोबर टीबीएन, म्हणजे आम्ल मारायची ऑइलची ताकद, किती उरला तेही बघतात.

पाण्यासाठी लॅबची वाट बघू नका. हॉट प्लेटवर एक थेंब टाका, तडतडला तर पाणी आहे. चष्मा घाला, थेंब उडतो.

१६. रिपोर्ट नॉर्मल आला आणि पंधरा दिवसांत बेअरिंग गेलं. मग टेस्टिंगचा उपयोग काय?

हा राग मला समजतो, हे खरंच होतं. नेहमीच्या रिपोर्टमधला लोखंडाचा आकडा ज्या स्पेक्ट्रोमीटरने काढतात त्याला पाच ते आठ मायक्रॉनपेक्षा मोठे कण नीट दिसत नाहीत. बेअरिंगचा ट्रॅक फुटायला लागला की पापुद्रे निघतात ते त्याहून मोठे. म्हणजे सगळ्यात गंभीर झीज त्या आकड्यात कमी दिसते. महत्त्वाच्या गिअरबॉक्सला पीक्यू इंडेक्स (मोठे लोखंडी कणही धरणारा आकडा) मागून घ्या, आणि पीक्यू वाढतोय पण लोखंड तेवढंच असं दिसलं तर लगेच फेरोग्राफी, त्यात मायक्रोस्कोपखाली कणाचा आकार बघतात. दुसरं, ग्रीसच्या बेअरिंगची बातमी गिअरबॉक्सच्या ऑइलमध्ये येत नाही, तिथे व्हायब्रेशनच लागतं.

१७. साखर कारखान्यात आहे. हे सगळं अमेरिकन कोर्सचं, आमच्या मिलच्या ब्रासला (रोलरच्या टोकाच्या बेअरिंगला) लागू होतं का?

होतं, आणि शिकायला मिलइतकी चांगली जागा नाही. कोर्समध्ये स्ट्राइबेक कर्व्ह शिकवतात. रिचर्ड स्ट्राइबेक या जर्मन माणसाने १९०२ च्या सुमाराला बेअरिंगवर प्रयोग करून दाखवलं की वेग, जाडी आणि लोड यांच्या मेळावर घर्षण कसं बदलतं. वेग पुरेसा असला की शाफ्ट स्वतःच तेलाची पाचर ओढून त्यावर तरंगतो. मिलचा रोलर मिनिटाला चार-पाच फेरे घेतो आणि वरून हायड्रॉलिकचा प्रचंड दाब. तो तरंगणार कसा? धातू धातूला टेकूनच चालतो. म्हणून तिथे हजारो सेंटिस्टोकचं डांबरासारखं ऑइल, म्हणून चिकटून राहणारे अॅडिटिव्ह, म्हणून ब्रासला थंड पाण्याची लाइन. त्यात उसाचा रस शिरतो, तो आम्लधर्मी, जर्नलवर, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या शाफ्टच्या भागावर, गंज आणि चरे पडतात. अशा जागी ऑइलची ग्रेड जितकी महत्त्वाची तितकंच रस आत येऊ न देणं आणि ऑइल थेंब थेंब पण सतत मिळणं. सेंट्रल पंपाची एक लाइन चोक झाली की तो एक ब्रास तापतो आणि सगळी मिल थांबते, बाहेर उसाच्या गाड्यांची रांग. म्हणून शिफ्टला एकदा प्रत्येक लाइनचं टोक सुटं करून तेल येतंय का ते डोळ्याने बघा, मशीनच्या आत हात न घालता आणि परवानगी घेऊन.

त्याच कारखान्यात फायब्रायझर (ऊस फोडून बारीक करणारं यंत्र) जोरात फिरतो, त्याची बेअरिंग वेगळ्या जगातली. मिलच्या ऑइलमनने मिलची सवय तिथे नेली की घोटाळा होतो.

ऑफ सीझनबद्दल, गिअरबॉक्स रिकामे करून पावसाळाभर ठेवू नका, आतल्या भिंतीवर दमट हवेचं पाणी धरतं. ब्रीदर बदला, महिन्यातून एकदा शाफ्ट फिरवून गिअरला तेल लागू द्या.

१८. ईपी ऑइल सगळीकडे वापरलं तर स्टोअरमध्ये एकच ग्रेड ठेवता येईल ना?

ग्रेड कमी करायचा विचार चांगला, पण ईपी सगळीकडे नाही. ईपी म्हणजे एक्स्ट्रीम प्रेशर, जड दाबासाठीचं ऑइल. त्यातलं सल्फर तापल्यावर लोखंडावर संरक्षक थर करतं, तेच जास्त सक्रिय असेल तर वर्म गिअरच्या ब्राँझ चाकाला खातं. अशा गिअरबॉक्सला कंपाऊंडेड (चरबीयुक्त पदार्थ मिसळलेलं) ऑइल किंवा पीएजी, मॅन्युअल बघून. बॅकस्टॉप (उलटं फिरू न देणारा भाग) किंवा ओव्हररनिंग क्लच (एकाच दिशेला पकडणारा) आत असेल तरही आधी मेकरला विचारा, त्याला घसरायचं नसतं. टर्बाइनमध्ये तर गिअर ऑइलचा थेंबही नको, पाणी वेगळं होणं बिघडतं.

१९. मॅन्युअल एक सांगतं, तुम्ही एक सांगता. कोणाचं ऐकू?

वॉरंटीत मॅन्युअलचं. नंतरही सुरुवात मॅन्युअलपासूनच. फक्त ते कुठल्या हवेसाठी लिहिलंय ते बघा, युरोपात २० डिग्रीच्या हॉलसाठी दिलेली ग्रेड चंद्रपूरच्या मे महिन्यात पातळ पडू शकते. बदल करायचा तर कारण लिहून, सही घेऊन, एका मशीनवर आधी, आणि प्रश्न १४ प्रमाणे सॅम्पल काढून.

२०. काढलेलं जुनं ऑइल कोणाला द्यायचं?

टपरीवाल्याला नाही, शटरिंगवाल्यालाही नाही. २०१६ च्या धोकादायक कचरा नियमांत वापरलेलं ऑइल परिशिष्ट १ मधल्या ५.१ नोंदीखाली येतं. प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या रिसायकलरलाच द्यायचं, बरोबर फॉर्म १० ची मॅनिफेस्ट (कचरा कुठून कुठे गेला त्याचा कागद), आणि साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त साठवायचं नाही. कूलंट, सॉल्व्हंट, ऑइल एकाच बॅरलमध्ये ओतू नका, मग ते रिसायकलरही घेत नाही.

२१. ग्रीसगनचा पाइप फुटून बोटाला लागलं, छोटंसं भोक आहे, दुखत पण नाही. दवाखान्यात जायलाच पाहिजे का?

आत्ता, लगेच, वाचणं सोडून. ग्रीसगनचा दाब हजारो पीएसआयचा असतो, ग्रीस कातडीतून आत घुसून बोटाच्या आतल्या जागेत पसरतं. सुरुवातीला टाचणी टोचल्यासारखं दिसतं, काही तासांत बोट सुजतं, काळं पडतं, आणि उशीर झाला तर बोट कापावं लागतं. हायड्रॉलिक लाइनच्या पिनहोल गळतीचंही तेच, म्हणून गळती हाताने कधी चाचपायची नाही, पुठ्ठा धरून बघायची. दाबून ग्रीस काढत बसू नका, बर्फ लावून घरी जाऊ नका. हाताची सर्जरी होते अशा मोठ्या हॉस्पिटलमध्ये जा, "हाय प्रेशर ग्रीस इंजेक्शन" हेच शब्द सांगा, कारण नुसतं भोक बघून टिटॅनसचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं जाऊ शकतं, आणि ग्रीसच्या डब्यावरच्या लेबलचा फोटो बरोबर न्या.